नोकरीचा भरवसा नसताना घरात छोटी रेल्वे कशी उभारावी

कंत्राट संपत आलेलं असतं, कंपनीत माणसं कमी होणार अशी कुजबुज असते आणि घरी बसलं की तेच ते डोक्यात फिरतं. अशा काळात हाताला असं काम हवं, जे पुढच्या पगारावर अडून राहत नाही. मॉडेल रेल्वे तसं होऊ शकते. अट एकच, प्रत्येक टप्पा तिथेच थांबला तरी पूर्ण दिसला पाहिजे.

आधी पैसे. घरभाडं, किराणा, मुलांची फी बाजूला काढून उरेल तेवढ्यातच खरेदी करा. हप्त्यावर काहीही घेऊ नका. इंजिन, रूळ आणि कंट्रोलर (गाडीचा वेग कमी-जास्त करणारी विजेची पेटी) यांचे खोके आणि बिलं जपा. वेळ आली तर नीट ठेवलेल्या वस्तूला बरी किंमत येते. सकाळची वेळ नोकरीच्या अर्जांची, रेल्वे संध्याकाळची.

गाडी कुठली निवडायची? माझं मत ठाम आहे: बार्शी लाइट, म्हणजे बार्शी भागातली जुनी नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे. 1897 साली बार्शीपर्यंत सुरू झालेली ही लाइन 1911 मध्ये लातूरला पोहोचली. तिचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर होतं. एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये, ते पावणेनऊ मिलिमीटर भरतं आणि बाजारात मिळणारा एन गेजचा रूळ 9 मिलिमीटरचा असतो. म्हणजे एन गेजच्या तयार चाकांवर पुठ्ठ्याचं इंजिन आणि डबे चढवले की आपली नॅरोगेज तयार. या रुळाला वळणही लहान पुरतं, त्यामुळे जागा कमी लागते.

फळी एक नको, दोन घ्या, प्रत्येकी 2 बाय 2 फूट. 9 मिलिमीटर प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये बोल्ट आणि विंग नट. उद्या पुण्याला जावं लागलं तर दोन्ही फळ्या सामानाच्या टेम्पोत सहज बसतात. सुमारे 23 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण या रुंदीत मावतं. रूळ घेण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर पूर्ण मापाचा आराखडा काढा. याला खर्च शून्य.

फळ्या जिथे जुळतात तिथे रूळ काटकोनात कापा आणि टोकं पितळी स्क्रूला डाग देऊन पक्की करा. प्रत्येक फळीला कंट्रोलरच्या 12 व्होल्टच्या दोन तारा वेगळ्या द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याखालची खोली भट्टी होते, म्हणून रूळजोडात अर्धा मिलिमीटर फट सोडा, नाहीतर रूळ वाकतो.

देखावा मात्र मनसोक्त करा, इथे पैसे जवळजवळ लागतच नाहीत. याच लाइनवरच्या येडशीच्या घाटासाठी थर्मोकोल कोरा, वर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेले कागद चिकटवा. बाभळी जुन्या केबलच्या तांब्याच्या तारा पिळून होतात. पाल्यासाठी हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. स्टेशनची भिंत लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची करा. माप सोपं आहे: 7 फुटी दार साधारण 24 मिलिमीटर.

शेतातली काळी माती वापरायची असेल तर एक काळजी घ्याच. ती बेसॉल्टपासून बनलेली असते आणि त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं. माती वाळवून, बारीक चाळून, कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा. खडीच्या कचीलाही हेच करा. मग साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारून, निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. मातीचा थर पातळच ठेवा. जाड थराला वाळल्यावर रानासारख्या भेगा पडतात.

इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. तोवर डबे हाताने ढकलून वळणं तपासता येतात. काम नसताना फळ्या जुन्या सुती साडीखाली झाका. गाडी अडखळली तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा, मग तारा तपासा. इंजिन उघडायची वेळ बहुधा येतच नाही.