जहाजाने येणाऱ्या गाडीची वाट कशी बघायची (नाशिककरांसाठी)

गाडी बुक केली, टोकन भरलं, आणि शोरूमवाला म्हणाला "सर जहाजाने येतेय, दोन-अडीच महिने धरा". इथून पुढे नक्की काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय. मी स्वतः यातून गेलोय, जर्मनीत बनलेली गाडी, राहायला गंगापूर रोडला, आणि आमच्या आबांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आधीच धरून ठेवलेला. त्या मुहूर्ताला गाडी आली नाही, आली ती ४० दिवसांनी, आणि त्यात जहाजाचा उशीर थोडाच होता, आम्हीच चुकीच्या तारखेकडे डोळे लावून बसलो होतो. जहाज बंदराला लागायची तारीख ही गाडीची तारीख नसते. हे एक डोक्यात पक्कं बसलं की अर्धी घालमेल तिथेच कमी होते.

सगळ्यात आधी, तुमची गाडी खरंच जहाजाने येतेय का ते बघा. फॉरेनचा ब्रँड म्हणजे गाडी बाहेरून येते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मर्सिडीजची बरीच मॉडेल्स चाकणला जोडली जातात, बीएमडब्ल्यूची चेन्नईला. सुटे भाग येऊन इथे जोडलेली ती सीकेडी आणि पूर्ण तयार होऊन आलेली ती सीबीयू, बुकिंग फॉर्मवर यातलं काय आहे ते लिहून घ्या. आणि चेसिस नंबर, म्हणजे व्हीआयएन, मिळाला की पहिली एक-दोन अक्षरं बघा. डब्ल्यू असेल तर साधारणपणे जर्मनी, जे असेल तर जपान, आणि एमए ते एमई यातलं काही असेल तर गाडी भारतातच जोडलेली आहे. नंबर १७ आकडी-अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर कोणी ओ लिहून पाठवला तर तो शून्य आहे किंवा नंबरच चुकलाय.

हा व्हीआयएन म्हणजे आपल्या हातातलं पहिलं खरं काहीतरी. आम्हाला सेल्सवाल्याने फेब्रुवारीतच सांगितलं की जहाज निघालंय. मी व्हीआयएन मागितला तर चार दिवस टोलवाटोलवी, आणि शेवटी कळलं की गाडी अजून कारखान्यात बनलेलीच नाही, फक्त प्रॉडक्शनचा स्लॉट मिळालाय. मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्याला वरून जे सांगितलं ते त्याने पुढे ढकललं, पण आमच्या घरात तोवर पेढ्यांची ऑर्डर कुठे द्यायची यावर चर्चा सुरू झालेली. बाजारात तुरी म्हणतात तसं. तर व्हीआयएन नाही म्हणजे गाडी नाही, हा नियम धरा. "निघाली का" असं विचारू नका, "कुठल्या टप्प्यावर आहे" असं विचारा: बनली का, कारखान्यातून बंदराच्या यार्डात गेली का, जहाजावर चढली का. बंदराच्या यार्डात गाडी जहाजाची वाट बघत दोन-तीन आठवडे सहज उभी राहू शकते आणि हा वेळ कोणी मोजतच नाही.

जहाजावर चढली म्हणाले की दोन गोष्टी मागा, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर. नुसत्या नावावर विसंबू नका, जहाजांची नावं बदलतात आणि सारख्या नावाचीही असतात, पण ७ आकडी आयएमओ नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. हे मला शोरूममध्ये नाही कळलं, पिंपळगावच्या मामांकडून कळलं. मामा द्राक्षं एक्स्पोर्ट करतात, त्यांचे कंटेनर न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातात, आणि सीझनमध्ये हा माणूस रात्री झोपायच्या आधी फोनवर आपली बोट कुठे पोचली ते बघूनच झोपतो. नाशिकमध्ये राहून जहाजाची माहिती कोणाला विचारू असं वाटत असेल तर आधी आपल्या नात्यागोत्यातला द्राक्षवाला शोधा, खरंच. मामा म्हणाले, "भाच्या, बोट लागली म्हणजे माल मिळाला असं नसतं. बोट लागली, मग माल उतरला, मग कागद फिरले, मग माल. तू ईटीए, म्हणजे बोट लागायची अंदाजे तारीख, रोज बघ पण धरून चालू नको."

मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर या साइटवर आयएमओ नंबर टाकला की जहाज नकाशावर दिसतं. मोठ्या जहाजांना एआयएस नावाचा ट्रान्समीटर लावावाच लागतो, त्याचा सिग्नल किनाऱ्यावरचे रिसीव्हर पकडतात. पण किनाऱ्यापासून ४०-५० समुद्री मैलांपलीकडे गेलं की तो सिग्नल सॅटेलाइटवरूनच मिळतो आणि त्याला पैसे पडतात, म्हणून फुकटच्या अॅपवर जहाज भर समुद्रात पाच-सहा दिवस गायब होतं. घाबरू नका. आबा तेव्हा दर तासाला विचारायचे "दिसलं का रे", आणि आईने देवापाशी जास्तीचा दिवा लावायला सुरुवात केलेली. डेस्टिनेशनच्या जागी लिहिलेले कोडही ओळखायला शिका, आयएनएनएसए म्हणजे न्हावाशेवा, आयएनबीओएम म्हणजे मुंबई, आयएनएमएए म्हणजे चेन्नई. तिथे मधलंच एखादं बंदर दिसलं तर जहाज आधी तिकडे जाऊन येणार हे समजून घ्या.

गाडी दोन प्रकारे येते. एक रोरो, म्हणजे आठ-दहा मजली पार्किंगसारखं जहाज, गाड्या चालवत आत नेतात आणि चालवत बाहेर काढतात. दुसरा कंटेनर. कंटेनर असेल तर त्याचा नंबर मागा, चार अक्षरं आणि सात आकडे, चौथं अक्षर बहुतेक वेळा यू. तो शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला की जहाज बदललं तरी कंटेनर कुठे आहे ते दिसतं. हे महत्त्वाचं आहे कारण कंटेनर पुष्कळदा कोलंबो किंवा जेबेल अली असा मध्ये उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो, आणि तुम्ही पहिल्या जहाजाकडे बघत बसलात तर ते तुमची गाडी उतरवून भलतीकडेच निघून जातं.

दिवसांचा हिशोब स्वतः करा, अवघड नाहीये. उत्तर जर्मनीतून मुंबई सुएझमार्गे साधारण साडेसहा हजार समुद्री मैल. १६ नॉटने, म्हणजे तासाला १६ समुद्री मैल, चाललं तर दिवसाला ३८४ मैल, म्हणजे १७ दिवस, वर मधल्या बंदरांचे थांबे. आफ्रिकेला वळसा घालून आलं तर अंतर अकरा हजाराच्या आसपास जातं, म्हणजे २८-२९ दिवस. हा वळसा का, तर १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं, ते गाड्या वाहणारंच जहाज होतं आणि गुजरातच्या पिपावावला यायला निघालं होतं, त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी सुएझ सोडून केपचा रस्ता धरला. मामांची द्राक्षंही २०२४ च्या सीझनला त्याच वळशाने गेली. त्यामुळे जहाज निघाल्यावर पहिला प्रश्न, रस्ता कुठला.

आता जहाज लागलं. इथेच लोक हार आणायला जातात आणि इथेच खरी कसोटी असते. माल उतरणं, कस्टमचा बिल ऑफ एंट्री (आयात मालाची नोंद करणारा कागद) भरणं, ड्युटी भरणं, तपासणी, मग कंपनीचं यार्ड, तिथून डीलर. आमच्या वेळी जहाज लागल्यापासून गाडी यार्डात यायला १६ दिवस गेले, त्यात एक मोठा वीकेंड आणि एका कागदातली चूक. बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि तारीख मिळाली तर आइसगेट या कस्टमच्या साइटवर त्याचं स्टेटस बघता येतं. डीलर द्यायला का कू करतात पण नीट बोललं की देतात. बंदरात जाऊन गाडी बघू वगैरे विचार सोडा, आत सोडत नाहीत.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो. जवळजवळ प्रत्येक बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू. हे नुसतं वाक्य नाही हो, २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला, तेव्हा ज्यांच्या गाड्या वाटेत होत्या त्यांचे आकडे बदलले. त्यांचे कमी झाले, पुढच्या वेळी वाढूही शकतात. म्हणून किंमत कधी फिक्स होणार ते ईमेलवर घ्या, फोनवर नाही. बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत, आणि जहाजालाच काही झालं तर काय, हेही विचारा. अशुभ वाटतं विचारायला पण २०२२ मध्ये फेलिसिटी एस हे जहाज सुमारे ४००० गाड्यांसकट अटलांटिकमध्ये जळून बुडालं, तेव्हा त्या गाड्यांचे मालकही असेच वाट बघत होते. पूर्ण पेमेंट गाडी डीलरच्या यार्डात डोळ्यांनी बघितल्याशिवाय करू नका. लोन मंजूर करून ठेवा पण पैसे सोडायला सांगू नका, नाहीतर गाडी समुद्रात आणि हप्ता खात्यातून. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो, सर्टिफिकेट जपून ठेवा. आणि बाहेरून आलेल्या गाडीला आरटीओ टॅक्स इथल्या गाडीपेक्षा वरच्या दराने बसतो, तो आकडा आधीच कोटेशनमध्ये मागा.

वाट बघायच्या दिवसांत घरी करायची दोन कामं. सोसायटीचा रॅम्प मोजा, गाडीच्या पोटाची उंची बघा, आमच्या बेसमेंटच्या उतारावर शेवटी लाकडी फळी टाकून लेव्हल करावी लागली. दुसरं म्हणजे पेट्रोल, टाकीच्या झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलेलं असेल तर ते तुमच्या रोजच्या पंपावर मिळतं का बघा, आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का ते कंपनीकडून लेखी घ्या.

यार्डात गाडी बघायला दिवसाउजेडी जा. आमची भिवंडीच्या बाजूला होती, बॉनेट आणि टपावर पांढरी फिल्म चिकटवलेली, तिच्या कडेला खारट धुळीची बारीक पिवळी रेघ. फिल्म तुमच्यासमोर काढायला लावा, खाली ओरखडा असेल तर तो तिथेच दिसतो. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसेल, तो वरवरचा असतो, दहा-बारा ब्रेक मारले की जातो. टायरवर डीओटीच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा, १८२५ म्हणजे २०२५ चा १८वा आठवडा. काचेखालचा व्हीआयएन कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. बॅटरी तपासून द्यायला सांगा, इतके दिवस उभी राहून ती बसलेली असते. कार्पेट उचलून खाली हात फिरवा, ओल लागली तर गाडी घेऊ नका, आधी कारण लेखी मागा.

मुहूर्त याच्यानंतर काढा. गाडी यार्डात, कागद पूर्ण, मग कॅलेंडर उघडा आणि वडीलधाऱ्यांना दोन-तीन तारखा विचारा, एक नको. पितृपक्षात नको म्हणणारे घरी असतील तर डीलरला आधीच सांगा, गाडी ठेवून घेतात. डीलर मुंबईचा असेल तर नंबर एमएच १५ चाच हवा हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि बिल ऑफ एंट्रीची कॉपी, फॉर्म २१ (विक्रीचं सर्टिफिकेट), फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचं सर्टिफिकेट) हे सगळं पेठ रोडच्या आरटीओसाठी फाइलमध्ये लावून घ्या. नाशिकला आणायची तर मी फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, सांगेन. समृद्धीवरून भिवंडीजवळच्या आमणे ते इगतपुरी रस्ता चांगला आहे, कसारा घाट टळतो. पावसाळा असेल तर इगतपुरीच्या धुक्याआधी, दुपारी तीनच्या आत गाडी पोचेल असं ड्रायव्हरला सांगा आणि उतरवायला सोसायटीचं अरुंद गेट नको, समोरचा मोकळा रस्ता बघून ठेवा, फ्लॅटबेडची फळी खाली यायला मागे बरीच मोकळी जागा लागते.