पाश्टेल द नाता: कस्टर्डवर काळे डाग पडायलाच हवेत

पाश्टेल द नाता म्हणजे पदर सुटलेल्या पारीत भाजलेले अंड्याच्या कस्टर्डचे पोर्तुगीज टार्ट. पोर्तुगालची राजधानी लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमुश मठाजवळच्या दुकानात हे टार्ट १८३७ पासून विकले जातात. मठात कपड्यांच्या खळीला अंड्यांचा पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या बलकांचे गोड पदार्थ होत, असे सांगतात. त्या दुकानाची कृती गुपित आहे, पण पोर्तुगालभर घरोघरी होणारी कृती गुपित नाही. अवघड आहे ती फक्त आच. बेकरीच्या भट्ट्या ३०० अंशांच्या आसपास तापतात आणि घरचा ओटीजी २५० ला थांबतो. ही तूट कशी भरून काढायची, हे समजले की बाकीचे जमते.

खालचे प्रमाण मफिन ट्रेमधल्या १२ टार्टचे आहे.

पारीसाठी मैदा १५० ग्रॅम, मीठ पाव चमचा, गार पाणी ९० ते ९५ मिली आणि बिनमिठाचे बटर १२० ग्रॅम घ्या. पीठ सैल, हाताला किंचित चिकटेल असे भिजवून २० मिनिटे झाका. बटर फासता येईल इतपत मऊ हवे, पातळ नको. सुमारे ३० सेंमीचा चौकोन लाटून बटरचे तीन हिस्से करा आणि चौकोनाच्या दोन तृतीयांश भागावर पहिला हिस्सा लावा. कोरा भाग आधी दुमडा, त्यावर उरलेला, अशी तिपदरी घडी घाला. परत लाटा, दुसरा हिस्सा लावून तशीच घडी करा. तिसऱ्यांदा लाटल्यावर उरलेले बटर सगळीकडे फासून घट्ट गुंडाळी करा. चिरोटे करणाऱ्यांच्या हाताला हे ओळखीचे वाटेल. फक्त साट्याच्या जागी बटर आहे. बटर पाझरायला लागले तर तिथेच थांबून १५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. ते पिठात मुरले तर पदर सुटत नाहीत, नुसती बिस्किटासारखी पारी होते. साधारण २४ सेंमी लांब गुंडाळी किमान दोन तास, शक्यतो रात्रभर गार करा.

कस्टर्डला दूध २५० मिली, मैदा २५ ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, पाणी ९० मिली, ६ बलक, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या लागतात. सालीचा पांढरा भाग काढाच, तो कडू असतो. मैदा थोड्या गार दुधात कालवा, उरलेले दूध उकळून त्यात ओता आणि घट्टसर शिजवा. इतक्या आचेत बलक फाटू न देण्याचे काम हा मैदाच करतो, म्हणून तो कमी करू नका. साखर, पाणी, दालचिनी, साल यांचा कच्चा एकतारी पाक करा. थर्मामीटर असेल तर १०४ अंश. दालचिनी आणि साल काढून पाक बारीक धारेने दुधात घोटा. मिश्रण कोमट झाल्यावरच बलक घाला आणि गाळा.

गुंडाळीचे २ सेंमीचे काप करा. चकली वर दिसेल असा एकेक काप साच्यात ठेवून पाच मिनिटे थांबा. मग अंगठा पाण्यात बुडवून मधोमध दाबा आणि पारी तळाकडून कडेला चढवत न्या. तळ पातळ, कड किंचित जाड आणि साच्याच्या वर दोन-तीन मिलिमीटर. तळ जाड राहिला की आत कच्चाच राहतो. कस्टर्ड पाऊण भागच भरा. जास्त भरले तर उतू जाऊन साखर साच्याला चिकटते आणि टार्ट फुटतो.

ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात जाड पत्र्याचा रिकामा ट्रे ठेवून, दोन्ही रॉड लावून २५० अंशांवर पूर्ण अर्धा तास तापू द्या. मफिन ट्रे त्या तापल्या ट्रेवर १० ते १२ मिनिटे ठेवा, म्हणजे तळ आधी खरपूस होतो. मग वरच्या कप्प्यात नेऊन डाग पडेपर्यंत ३ ते ५ मिनिटे. इथे ओव्हनसमोरून हलू नका. डाग येत नाहीत म्हणून खालच्या कप्प्यातच वेळ वाढवला, तर कस्टर्ड रवाळ होते आणि पाणी सोडते. ते टम्म फुगून बाहेर काढल्यावर खाली बसते, ते मात्र बरोबरच आहे.

पाच मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवा. कोमट असतानाच दालचिनीची पूड भुरभुरून खा. उरलेले फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच २०० अंशांवर पाच मिनिटे गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते.