घरगुती बिअरसाठी मॅश आणि ब्रूहाउसची कार्यक्षमता कशी काढावी

माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) जितका अर्क निघू शकतो त्यापैकी किती हाती लागला, हे सांगणाऱ्या दोन वेगळ्या टक्केवाऱ्या आहेत. मॅशची, म्हणजे भरडलेले माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या टप्प्याची, कार्यक्षमता उकळण्यापूर्वीच्या वर्टवरून (त्यातून निघालेल्या गोड द्रावणावरून) काढावी, तर ब्रूहाउसची, म्हणजे वर्ट तयार करण्याच्या सगळ्या कामाची, कार्यक्षमता फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) प्रत्यक्ष पोहोचलेल्या वर्टवरून. या दोन्हींची गल्लत झाली की पुढच्या बिअरचे प्रमाण हमखास चुकते.

प्रथम कमाल मर्यादा काढावी. शुद्ध साखरेच्या १ किलोचे सुमारे ३८६ लिटर-अंश धरतात. अंश म्हणजे विशिष्ट गुरुत्वातील दशांशचिन्हापुढचा आकडा, जसे १.०४३ चे ४३; लिटरांना अंशांनी गुणले की लिटर-अंश मिळतात. माल्टच्या तपशीलपत्रकातील अर्काची टक्केवारी कोरड्या वजनावर दिलेली असल्यास ओलाव्याची वजावट करावी. समजा, ती वजा जाता ७८ टक्के उरली, तर ५ किलो माल्टचे ५ × ३८६ × ०.७८ म्हणजे १५०५ लिटर-अंश होतात.

आता मोजमाप, आणि बहुतेक चुका इथेच होतात. आधी उतरलेला गोड वर्ट जड असल्याने तळाशी बसतो, म्हणून नमुना घेण्यापूर्वी भांडे नीट ढवळावे. नमुना हायड्रोमीटरवर (विशिष्ट गुरुत्व मोजण्याच्या उपकरणावर) लिहिलेल्या तापमानापर्यंत, बहुधा २० अंश सेल्सिअसपर्यंत, थंड करावा, कारण गरम वर्टचा आकडा खोटा कमी दिसतो. उकळत्या वर्टचे आकारमानही थंड वर्टपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त भरते, तेव्हा लिटरही थंड अवस्थेचेच धरावेत.

उकळण्यापूर्वी २८ लिटर वर्ट १.०४३ वर मिळाला, तर २८ × ४३ = १२०४; त्याला १५०५ ने भागल्यास मॅशची कार्यक्षमता ८० टक्के येते. फर्मेंटरमध्ये २२ लिटर १.०५० वर पोहोचला, तर ११०० भागिले १५०५, म्हणजे ब्रूहाउसची कार्यक्षमता ७३ टक्के. मधले १०४ लिटर-अंश म्हणजे गाळात आणि नळीत राहिलेला साधारण २ लिटर वर्ट होय. बाष्पीभवनात पाणी जाते, साखर नाही. उकळताना वेगळी साखर घातली असेल तर तिचे लिटर-अंश फर्मेंटरच्या लिटर-अंशांतून (इथे ११०० मधून) भागण्याआधी वजा करावेत.

पहिला आकडा, म्हणजे मॅशची कार्यक्षमता, कमी आल्यास माल्टची भरड आधी तपासावी, कारण अखंड राहिलेल्या दाण्यातला स्टार्च पाण्याला मिळतच नाही. त्यानंतर मॅशचा पीएच आणि चोथा धुण्याची पद्धत पाहावी. पहिला चांगला आणि दुसराच कमी असेल, तर मॅशला हात लावू नये. वर्ट भांड्यात कुठे अडकतो ते शोधावे.

माझ्या मते आकडा मोठा असण्यापेक्षा दर वेळी सारखा येणे अधिक मोलाचे आहे. पुढच्या वेळी २२ लिटर १.०६० वर हवे असल्यास १३२० ला ०.७३ ने आणि मग ३०१ ने (३८६ × ०.७८) भागावे, माल्ट ६ किलो लागेल. माल्ट वाढले की कार्यक्षमता थोडी उतरते, म्हणून त्याहून किंचित जास्तच घ्यावे.