बाळ एनआयसीयूत आहे? या चुका टाळा

37 आठवड्यांआधी झालेलं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत गेलं की घरचे आईला सांगतात, "तू आराम कर, बाळाचं डॉक्टर बघतील." सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. तिच्या अंगावरचं दूध हा उपचाराचाच भाग आहे.

बाळ ओढत नसलं तरी पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागा. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी. रात्रीचं चुकवलं की दूध आटू लागतं. सुरुवातीला वाटीच्या तळाशी पिवळसर चिकाचे चार थेंब दिसतील. तेवढेही सिरिंजमध्ये ओढून सिस्टरकडे द्या. कमी दिवसांच्या बाळाला आतड्यांच्या गंभीर आजारापासून हेच दूध जपतं. "दूधच येत नाही" म्हणत दुसऱ्या दिवशी पावडरीचा डबा आणू नका, आधी सिस्टरला दूध काढायची पद्धत विचारा.

वायरी निघतील या भीतीने बाळाला छातीशी घ्यायचं टाळू नका. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 8 तास कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, करायला सांगते. डॉक्टरांनी होकार दिला की वडिलांनीही शर्ट काढून बसावं. नाशिकच्या थंडीत घरी गेल्यावरही हे चालू ठेवा.

पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांतून माणसं मायेने येतात, पण त्यांना कक्षाबाहेरच भेटा. आत जाताना कोपरापर्यंत हात धुवा. अंगठी, घड्याळ आणि डोहाळजेवणातला हिरवा चुडासुद्धा काढा. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, त्यावरून आईला बोल लावू नका.

खर्चाच्या धास्तीने, डॉक्टर नको म्हणत असताना सही करून बाळ घरी नेणं फार धोक्याचं. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात उपचार मोफत होतात. तिथे हलवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घरी गुटी, मध, काजळ, धुरी यातलं काहीही नको.

आणि डोळे! बाळ 34 आठवड्यांआधीचं किंवा 2 किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आत पडद्याची तपासणी हवीच. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वरून डोळे छान दिसतात, म्हणून गावी गेल्यावर तारीख हुकते आणि वेळेत लेझर केलं असतं तर वाचली असती अशी नजर जाते. डिस्चार्ज कार्डवर ती तारीख नसेल, तर निघण्याआधी लिहून घ्या.