नर्मदा परिक्रमेचा हिशोब: इंदूरहून पायी निघणाऱ्यांसाठी

नर्मदेला पूर्ण फेरी घालणाऱ्या पायी परिक्रमेला पैसे किती लागतात? वाटेपुरतं विचाराल, तर फार नाहीत. आश्रमांत राहायला-जेवायला मिळतं. काही ठिकाणी सदावर्त असतं, म्हणजे डाळ-तांदूळ-पीठ घ्यायचं आणि आपलं आपण शिजवायचं. मोठा खर्च इंदुरातच राहतो: तुम्ही पाच महिने नसताना चालणारं घर. म्हणून वह्या दोन करा, एक घराची आणि एक वाटेची.

आधी घराची. पासबुक काढा आणि गेल्या वर्षीचे नोव्हेंबर ते एप्रिल एवढेच महिने बघा. वर्षाची सरासरी इथे फसवते, कारण मोठे खर्च याच महिन्यांत पडतात. देवउठनी ग्यारसला (कार्तिकी एकादशीला) तुळशीचं लग्न लागलं की माणसांचीही लग्नं सुरू होतात. तुम्ही नसलात तरी आहेर चुकत नाही. मग महापालिकेचा मालमत्ता कर आणि जलकर, विम्याचे हप्ते, एप्रिलमध्ये नातवंडांची नवी इयत्ता. आरोग्य विम्याची तारीख मधे येत असेल तर हप्ता आधीच भरून टाका. मुदतीनंतरचे सवलतीचे दिवसही हुकले तर पॉलिसी तुटते आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजला जातो. पेन्शनरांनी हयातीचा दाखला निघण्याआधी द्यावा; तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि जिच्यानंतर परिक्रमा सुरू होते ती देवउठनीही बहुधा नोव्हेंबरातच येते. विसरलात तर फोनवरून चेहरा दाखवून देता येतो, पण वाटेतल्या जंगलात, शूलपाणीच्या झाडीत, नेटवर्क शोधत बसण्यात अर्थ नाही. या वहीत महिने सहा धरा. रोज वीसेक किलोमीटर चाललं तर २,६०० किलोमीटरच्या पुढची ही वाट विश्रांती धरून दीडशे दिवस खाते. पाय सुजला, ताप आला, की सहावा महिना उजाडतो.

वाटेची वही सोपी. एका माणसाचा आमचा अंदाज असा:

सॅक, पहिला शूज, पातळ गादी, पांघरूण, टॉर्च, छोटं पातेलं: १२,०००
पुढचे दोन शूज आणि मोजे: ३,५००
दीडशे दिवस, रोज १५० प्रमाणे: २२,५००
बस आणि समुद्रातली होडी: २,०००
तपासण्या, दात, धनुर्वाताचं इंजेक्शन, औषधं: ४,०००
सांगतेची कढई (शिऱ्याचा नैवेद्य) आणि कन्यापूजन: ६,०००

हे झाले ५०,०००. त्यावर १५,००० हात न लावायचे. एकूण ६५,०००.

रोजच्या १५० मध्ये चहा, साबण, रिचार्ज, कन्यांना दक्षिणा आणि दानपेटी येते. दानपेटीतच बहुतेकांचं गणित बिघडतं. पहिल्या पंधरवड्यात भक्ती दाटून येते, प्रत्येक आश्रमात ५०१ ची पावती फाडली जाते आणि शूलपाणीच्या झाडीपर्यंत पाकीट रिकामं होतं. मुक्कामाला ३० ते ५० रुपये पेटीत टाका, त्यात संकोच नको. जिथली सेवा मनात राहिली तिथे परतल्यावर घरून पाठवा. अडचणीच्या जागचं अन्नक्षेत्र वर्षभर चालतं, त्यांना वैशाखातले पैसेही तितकेच उपयोगी.

आता बचत. अठरा महिने हातात घ्या. पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, इथे कामाची नाही. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. बँकेत एप्रिलला दोन आरडी उघडा. पहिली बारा महिन्यांची, १,२५० रुपयांची. सहा टक्के व्याज धरलं तर हातात साधारण १५,५०० येतात: सामान आणि तिन्ही शूज. दुसरी अठरा महिन्यांची, २,६०० ची. ती ऑक्टोबरात सुमारे ४९,००० देते. दोन कशाला? एकच मोठी केली तर पैसे ऑक्टोबरात सुटतात आणि शूज नोव्हेंबरात नवाकोरा पायात येतो. तो ऑगस्टपासून रोज घालून मळायला हवा, नाहीतर ओंकारेश्वरजवळच्या मोरटक्क्याच्या पुढे फोड ठरलेले. हप्त्याची तारीख पगाराच्या किंवा पेन्शनच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. महिन्याचे ३,८५० कुठून काढायचे हे ज्याचं त्यानं बघावं, पण रविवारचे पोहे-जलेबी बंद करू नका. असली बचत दोन महिन्यांत मोडते. सराफ्यातली रात्रीची खाण्याची फेरी कमी केली तरी पुष्कळ.

आरडी उघडाल त्याच चैत्रात गुजरातेत रामपुरा-तिलकवाडा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा चालते. एकवीसेक किलोमीटर, एका दिवसाची. तेवढी करून या. सॅकमधलं काय फालतू आहे ते तिथेच कळतं. सगळं सामान सात-आठ किलोच्या वर गेलं तर वाटेतल्या बडवानीहून कुरियरनं घरी पाठवावं लागतं, म्हणजे एकाच वस्तूचे पैसे दोनदा.

शूजचा हिशोब नदीच्या काठाशी जोडलेला आहे, आणि इथे इंदूरकरांची चांगली सोय होते. एक जोड आठशे ते हजार किलोमीटर टिकतो. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली, म्हणजे सुरू केली, की नर्मदा उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठानं समुद्राकडे जायचं, कटपोर-विमलेश्वरच्या बाजूनं होडीत बसून मीठी तलाईला उतरायचं, उत्तर काठानं उगमापर्यंत, अमरकंटकला जायचं आणि पुन्हा दक्षिण काठानं ओंकारेश्वरला परत यायचं. महेश्वर येईपर्यंत पहिला जोड संपत आलेला असतो. महेश्वर इंदूरच्याच काठाला आहे. घरचा माणूस सकाळी निघून दुसरा जोड, औषधं आणि रोख देऊन संध्याकाळी परततो. पुढे नेमावरलाही हेच जमतं. तिसरा जोड अमरकंटकआधी जबलपूरला बदला. हा घरून आणायचा किंवा तिथेच घ्यायचा, पण आकार पहिल्यासारखाच, नेहमीपेक्षा एक मोठा. चालून पाय पसरतो.

दक्षिण काठावर असताना मात्र तुम्हाला घरी येता येत नाही. इंदूर नदीच्या उत्तरेला, आणि नर्मदा ओलांडली की परिक्रमा खंडित. तेव्हा बँकेत सही लागणारं प्रत्येक काम निघण्याआधी उरका. घरखर्चाचं खातं जोडीदारासोबत करा, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल असं. मुदत ठेवी आपोआप पुढे जातील असं लिहून द्या.

वाटेसाठी वेगळं छोटं खातं ठेवा, यूपीआय फक्त त्याच्याशी जोडा आणि घरून दर महिन्याला ४,५०० टाकायला सांगा. मोठं खातं फोनमध्ये नकोच. रोख दोन-तीन हजारांच्या वर नको, तीही १०, २० आणि ५० च्या नोटांत, झिप पिशवीत. घामानं आणि स्नानानं नोटांचा लगदा होतो. झाडीत शिरण्याआधी बडवानीला एटीएम गाठा, पुढे राजपिपला येईपर्यंत भरवसा धरू नका. रिचार्ज सहा महिन्यांचा एकदम मारा. नंबर बंद पडला की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे पैसे असून नसल्यासारखे.

राहिलं मावंदं, म्हणजे परतल्यावरचं जेवण. ते या ६५,००० मध्ये मुद्दाम धरलेलं नाही. शंभर पानं, आचारी आणि हॉल म्हटलं की अख्ख्या परिक्रमेपेक्षा जास्त खर्च होतो, आणि तो बहुधा राखीव १५,००० वर पहिला डल्ला मारतो. घरच्या घरी वीस-पंचवीस पानं वाढायची असतील तर उरलेल्या राखीवातून निघतात. त्याहून मोठं करायचं असेल तर त्याची आरडी तिसरी.