आरटीईचा फॉर्म भरायच्या आधी कागदावरची तारीख बघा

सारंगखेड्याची यात्रा लागली की लोक घोडे बघायला जातात आणि मी कपाटावरची फाईल खाली काढते. यंदा आमच्या गल्लीतल्या तीन घरांची पोरं पहिलीच्या वयात आलीयेत, तिघांच्या आया आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खाजगी शाळेत बिनफीच्या प्रवेशाबद्दल रोज एकेक प्रश्न घेऊन येतात, मी मशीनवर बसलेली असते, ब्लाउज अर्धा राहतो आणि गिऱ्हाईक वेगळंच ओरडतं. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते. आधी वाचा, मग या.

आधी हे डोक्यात पक्कं करा की ही कोणाची मेहरबानी नाहीये. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याचं कलम १२ सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळेनं सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या पोरांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत फी घ्यायची नाही. फीचे पैसे सरकार शाळेला देतं, महाराष्ट्रात गेली काही वर्षं पोरामागे वर्षाला १७,६७० रुपये असा दर धरला जातो, शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. तुमच्या खात्यात काही येत नाही, त्यामुळे कोणी 'सरकारी पैसे काढून देतो, दोन हजार द्या' म्हणत आला तर त्याला चहा पण पाजू नका. सरकारकडून शाळांना पैसे उशिरा मिळतात हे खरंय, संस्थाचालक त्यावर ओरडतात ते पण खरंय, पण ते त्यांचं आणि सरकारचं भांडण, तुमच्या पोराचं नाही.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय तुम्ही तारखेचं मनावर घेणार नाही. मोठीच्या वेळी लॉटरीत नंबर लागला, मोबाईलवर मेसेज आला, आमच्या ह्यांनी रिक्षा स्टँडवर पेढे वाटले. कागदांच्या पडताळणीला गेलो तर समितीतल्या मॅडमनी भाडेकरार हातात घेतला, उलटा केला, आणि म्हणाल्या हा नोटरीचा आहे, रजिस्टर केलेला पाहिजे. दुसऱ्याच दिवशी घरमालकाचे पाय धरून रजिस्टर करून आणला, तर म्हणे आता तारीख फॉर्मच्या नंतरची आहे, चालणार नाही. झालं. वाटलेले पेढे परत थोडेच मागता येतात. मोठी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि छान शिकतेय, तो भाग वेगळा, पण नंबर लागून जागा गेली हे अजून टोचतं. चूक मॅडमची नव्हती. मला कोणी सांगितलं नव्हतं की प्रत्येक कागद फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या आतला लागतो. फॉर्म भरताना काही अपलोड करावं लागलं नव्हतं म्हणून मला वाटलं नंतर जमवू, आणि तिथंच फसले.

त्यामुळे भाड्यानं राहणाऱ्यांनी पहिलं काम भाडेकराराचं करा, आजच करा. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला, कमीत कमी ११ महिन्यांचा. घरमालक कां कू करेल, माझं घर अडकेल, घरपट्टी वाढेल असं म्हणेल, त्याला समजवायला आठ दिवस लागतात हे धरून चाला. स्वतःचं घर असेल तर सोपं आहे, रेशनकार्ड, आधार, लाईट बिल, घरपट्टी, पाणीपट्टी, मतदान कार्ड, यातलं एक आईच्या किंवा बापाच्या नावाचं चालतं. पासबुक देणार असाल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं, पतपेढीचं नको. एक गोम आहे, सासऱ्यांच्या नावाचं लाईट बिल घेऊन बायका येतात आणि मग रडतात. आपल्याकडे सगळं सासऱ्यांच्याच नावावर असतं, काय करणार, पण पोराच्या आईबापाचं नाव पाहिजे.

मग तुम्ही कुठल्या गटात बसता ते बघा, कारण इथं लोक उगाच पळापळ करतात. एससी, एसटी, व्हीजेएनटी (भटके विमुक्त), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास) असाल तर वंचित गट, तिथं जातीचा दाखला लागतो आणि उत्पन्नाचा दाखला लागतच नाही. ओपनमधले असाल तर आर्थिक दुर्बल गट, तिथं वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. आमच्या गल्लीतल्या एकीनं ओबीसी असून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चार चकरा मारल्या, जातीचा दाखला मात्र काढलाच नाही! दिव्यांग मुलाला ४० टक्के किंवा त्यावरचं सिव्हिलचं सर्टिफिकेट. बाप वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि आईचे कागद, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा निकाल आणि आईचे कागद, फक्त जातीचा दाखला पोराचा किंवा बापाचाच. एकटीनं पोर वाढवणाऱ्या बायांना सेतूत, म्हणजे दाखले काढायच्या केंद्रात, उगाच 'मिस्टरांना घेऊन या' म्हणतात, तर हे पाठ करूनच जा.

जातीचा दाखला हे सगळ्यात वेळ खाणारं काम. तो पोराचा किंवा बापाचा लागतो, आईचा चालत नाही, आणि महाराष्ट्रातला लागतो. हे आपल्या खान्देशातल्या लोकांना जास्त बाधतं कारण निम्मं खान्देश सुरतला आहे. उधना, लिंबायत मध्ये जन्मलेली, तिथंच शिकलेली माणसं परत येतात, त्यांच्याकडे गुजरातचे कागद असतात आणि गुजरातचा जातीचा दाखला इथं चालत नाही. मग गावच्या शाळेत जाऊन आजोबा पणजोबांच्या नावाचा रजिस्टरचा उतारा काढावा लागतो. त्यालाही तारखा आहेत बरं, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून इथं राहत असल्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकाचा उतारा शोधा, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी सापडतात. हे सगळं प्रांत ऑफिसात जातं आणि प्रांत ऑफिसला तुमच्या फॉर्मची शेवटची तारीख माहीत नसते, म्हणून म्हणते दिवाळी झाली की लागा कामाला.

उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी आप्पांचा अहवाल लागतो, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे पण गावात आप्पाच. दाखल्यावर वर्ष कोणतं छापलंय ते काउंटरवरच वाचा, मागच्या आर्थिक वर्षाचा किंवा त्याच्या आधीच्या वर्षाचा मागतात, तीन वर्षांपूर्वीचा स्कॉलरशिपसाठी काढलेला चालणार नाही. आणि स्टॅम्प पेपरचं, १०० चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाला तेव्हापासून लोक घाबरलेत, पण जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साध्या कागदावर होतं. ५०० चा स्टॅम्प आणा म्हणणाऱ्याला विचारा कुठल्या नियमानं, आणि जरा मोठ्यानं विचारा म्हणजे रांगेतले बाकीचे पण ऐकतील.

जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा. बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे दाखला माहेरच्या गावी, आणि त्यावर पोराचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' लिहिलेलं असतं. नाव चढवून घ्या. सातपुड्यातल्या पाड्यांवर, धडगाव अक्कलकुव्याकडे, घरी झालेल्या बाळंतपणाचा दाखला नसेल तर अंगणवाडीच्या रजिस्टरची किंवा एएनएम नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद चालते, नाहीतर आईबापाचं प्रतिज्ञापत्र. आधार काढलेलं असेलच, पण बाळ असताना काढलेल्या निळ्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, पाच वर्षं झाली की ते द्यावे लागतात, ते पण उरकून घ्या. स्पेलिंग दोन्हीकडे एक आहे ना बघा. आमच्या धाकटीच्या नावात एकीकडे एक 'ए' जास्त होता, त्यासाठी दोन दिवसांची शिलाई बुडाली.

वय. पहिलीला प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण पाहिजेत आणि साडेसातच्या वर नको. २०२५-२६ ला १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ मधली पोरं बसत होती, पुढचं बोटांवर मोजा. काही शाळांची एंट्री, म्हणजे सुरुवातीचा वर्ग, नर्सरीला असते, तिथं तीन वर्षं पूर्ण लागतात. कोणत्या शाळेची एंट्री कुठं ते आरटीईच्या सरकारी पोर्टलवर दिसतं, आणि हे बघायला उशीर केला तर मधल्या वर्गात आरटीई नाही. ज्या पोराचा आधी आरटीईतून प्रवेश झालाय त्याचा पुन्हा फॉर्म भरता येत नाही.

फॉर्म स्वतः भरायला अर्धा तास लागतो. २०२५ ला तो १४ जानेवारीला उघडला, बरोब्बर संक्रांतीला, तिळगुळ वाटू की फॉर्म भरू अशी गत. त्याच्या आदल्या वर्षी काय गोंधळ झाला ते आठवतंय ना, फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्या २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे जवळपास सगळ्यांनाच सूट. मुंबई हायकोर्टानं ६ मे ला स्थगिती दिली, १९ जुलैला तो नियमच रद्द केला, तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि पोरं घरी. तेव्हा तारखेची बातमी व्हॉट्सअॅपवर विसंबून राहू नका, पोर्टलवर बघा, दर वर्षी सूचना बदलते.

नकाशावर घर दाखवताना तो लाल फुगा नीट आपल्याच घरावर ठेवा, सायबर कॅफेवाला घाईघाईत बसस्टँडवर ठेवून मोकळा होतो. शाळेचं अंतर त्याच्यावरून धरतात, २०२५-२६ ला १ किलोमीटरच्या आतल्या शाळांना आधी धरलं, मग १ ते ३. चांगल्या शाळेजवळ घर आहे असं खोटं दाखवलं आणि पडताळणीत सापडलं तर प्रवेश रद्द. दहा शाळा निवडता येतात, पण ज्या शाळेत खरंच पाठवणार तीच टाका. नंबर लागलेली शाळा सोडली तर पुढच्या फेरीत चान्स मिळत नाही. यादीत शेजारची मोठी शाळा दिसली नाही तर ती अल्पसंख्याक असेल, सुप्रीम कोर्टाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी त्यांना २५ टक्क्यांचं कलम लागू नाही, त्यांच्या गेटवर भांडू नका. एकाच पोराचे दोन फॉर्म भरू नका, दोन्ही बाद होतात. आयडी पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

लॉटरी एकच, राज्याची, पुण्यात निघते. २०२५-२६ ला साधारण १ लाख ९ हजार जागांना ३ लाखांवर अर्ज होते, म्हणजे तिघांत एक. म्हणून पोराला आधीच सांगू नका की तू टाय घालून जाणार. आणि तोपर्यंत अंगणवाडी बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते. नंबर लागणारच आहे म्हणून काही बाया डिसेंबरपासून पोर पाठवायचं बंद करतात. अंगणवाडी पण सरकारी पैशातूनच चालते, १९७५ पासून, तीन ते सहाच्या पोरांचं शिकणं आणि खाणं तिथं होतं, आदिवासी तालुक्यांत अमृत आहार योजनेतून अंडी केळी मिळतात. आमच्या सेविका ताईंनी धाकटीला रंग, आकार, गाणी एवढं शिकवलं होतं की शाळेत बाई विचारायच्या कुठल्या नर्सरीत होती. आदिवासी घरांसाठी अजून एक दार आहे, नामांकित निवासी शाळांची योजना, त्याचा अर्ज आदिवासी प्रकल्प कार्यालयात, आपल्याकडे यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा. पण सहा वर्षांचं पोर हॉस्टेलला ठेवायचं का हे ज्याचं त्यानं ठरवावं, माझ्याच्यानं झालं नसतं.

नंबर लागला की मेसेजची वाट बघू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघा, मेसेज कधीकधी येतच नाही. अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट, सगळे ओरिजिनल, झेरॉक्सचे दोन सेट, पोराचे फोटो, आणि तालुक्याच्या पडताळणी समितीकडे, शाळेत नंतर. ऊसतोडीला, केळीच्या कामाला बाहेर असाल तर कोणाकडे तरी चावी आणि फाईल ठेवून जा, मुदत आठवडा दोन आठवड्यांचीच असते. सासूबाई म्हणतात तसं, 'बठ्ठा (सगळा) कागद एकच जागावर ठेव वं माय.' शाळेत पोराची परीक्षा, आईबापाची मुलाखत घ्यायची नसते, कायद्यात त्याला २५ हजारांपर्यंत दंड आहे, आणि डिपॉझिट मागितलं तर पावती मागा, लेखी मागा, देत नाहीत मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. व्हॅनचे पैसे मात्र आपलेच, ते सरकार देत नाही, महिन्याला किती पडतील ते आधीच व्हॅनवाल्या भाऊंना विचारून ठेवा, आमच्या घरात रिक्षा असून मला ते सुचलं नव्हतं.

तर ज्यांचा जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला अजून निघाला नाहीये त्यांनी सोमवारी सेतूत जा, सकाळी जा, दुपारी लिंक नसते. माझ्याकडे यायचं तर तीननंतर या आणि येताना रेशनकार्ड घेऊन या.