पाळी चुकली, किटवर दोन रेघा आल्या: गर्भपातातला धोका नेमका कुठे असतो

आधी दिवस मोजा. गर्भाचं वय संबंधाच्या तारखेपासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी २८ दिवसांची असेल आणि आठवडाभर चुकली असेल, तर ५ आठवडे झालेले असतात. दोन-तीन आठवड्यांची चूक झाली की पुढचं सगळंच चुकतं, कारण धोका आठवड्यांबरोबर वाढत जातो.

मग सोनोग्राफी. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून परस्पर घेण्यातला मोठा धोका हीच पायरी गाळण्यात आहे. शंभरातल्या एक-दोघींचा गर्भ पिशवीत न राहता नळीत रुजतो. गोळ्यांनी तो पडत नाही. तरीही अंगावरून जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि पुढे नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. ५ आठवड्यांना पिशवीत काही दिसलं नाही, तर डॉक्टर रक्ततपासणी सांगतात किंवा आठवड्याने परत बोलावतात. तेव्हा जायलाच हवं. सोनोग्राफीला घाबरू नका, कायद्याची बंदी लिंग सांगण्यावर आहे.

डॉक्टरांना काहीही लपवू नका: हिमोग्लोबिन, रक्तगट, आधीचं सिझर, तांबी बसवलेली असणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दम्यासाठी रोजच्या स्टिरॉइड गोळ्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, म्हणून रिपोर्टात एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर आवर्जून सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, तेही विचारा.

गोळ्यांची पद्धत आपल्याकडे ९ आठवड्यांपर्यंत. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, आणि साधारण २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या गोळ्यांनंतर काही तासांत कळा येतात, गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाब होतात. हे अपेक्षित आहे. पुढे दीड-दोन आठवडे थोडं थोडं जात राहतं. वेळेत आणि नीट घेतल्या तर शंभरात ९५ हून जास्त जणींचं काम गोळ्यांवर पूर्ण होतं. बाकीच्यांना पिशवी साफ करावी लागते. एखादीचा गर्भ वाढतच राहतो, आणि मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येऊ शकतं. म्हणून मन डळमळत असेल तर पहिल्या गोळीआधी थांबा, अर्ध्यात सोडू नका.

साफ करायची वेळ आली तर व्हॅक्यूमने करणार का, हे स्पष्ट विचारा. १२ आठवड्यांच्या आत ते काही मिनिटांचं काम असतं. धातूच्या हत्याराने खरवडण्याच्या जुन्या क्युरेटिंगमध्ये पिशवीला इजा व्हायची आणि आतले थर चिकटायची भीती जास्त. पुढे मूल न होण्याची खरी भीती अशा इजेची आणि उपचार न झालेल्या जंतुसंसर्गाची आहे. वेळेत, नीट झालेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही.

आता घरच्यांनीही पाठ करावं असं. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, दुसऱ्या गोळ्यांनंतर २४ तास उलटूनही १००.४ च्या वर ताप असला, घाण वास आला, किंवा एका बाजूला असह्य दुखून खांद्यात कळ गेली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नागपुरात असाल तर मेयो किंवा मेडिकल ही सरकारी रुग्णालयं गाठा. काहीच गेलं नाही तर तेही सांगायला जा. कोणत्या गोळ्या, कधी घेतल्या, ते खरं सांगा. उपचार त्यावरच ठरतात.

सगळं ठीक वाटलं तरी दोन आठवड्यांनी तपासणीला जा. किट मात्र लगेच लावू नका, ते चार आठवडेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. त्या वेळच्या सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं, पण ताप नाही, फार जात नाही, तर तेवढ्यावरून साफ करायची घाई नको. आणि पुढची पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधक त्याच भेटीत ठरवा.

कायद्याने १८ पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. त्याखालच्या मुलीसाठी पालकाची लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा अविवाहित स्त्रियांनाही दिली. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. खाजगी दवाखान्यात गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते पाहा. नसेल तर उठून नागपुरातल्या डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात जा.